बोनेटवरचा सत्कार

परमेश्वर चहाचा कप दोन्ही मनगटांत धरायचा. बोटं मिटत नसत. कोंबडीचं पिलू धरावं तसा कप धरून आधी वास घ्यायचा, मग तोंड खाली न्यायचा.

बोलता बोलता तो डावीकडे कलायचा. थोडा वेळ तसाच. मग उजवीकडे. नवख्या माणसाला वाटे, याच्या कानात कुठलं तरी भजन चालू आहे. बसून बसून खालची कातडी मरू नये म्हणून तो भार हलका करत असे. कुणाला सांगायचा मात्र नाही.

मोबाइल करंगळीच्या पेराने चालवायचा. मेसेजमध्ये काना, मात्रा, वेलांटी काही सोडायचा नाही.

खुर्चीच्या पिशवीत सलूनवाल्यासारखी फवाऱ्याची बाटली ठेवायचा. मानेखाली त्याला घाम येत नसे. उन्हात तो तोंडावर, छातीवर पाणी मारून घ्यायचा. शेजारी कुणी असेल तर त्याच्यावरही मारायचा. "घे, तुलाबी फवारणी. न्हाईतर अळी पडंल."

बूट घालण्याआधी आईला तो उलटा करून आपटायला लावायचा. आत खडा असला तर पायाला कळणार नव्हता.

न विचारता कुणी मागून खुर्ची ढकलली की दोन्ही मनगटं चाकांवर दाबायचा. खुर्ची जागीच थांबे आणि ढकलणारा छातीने पाठीवर आपटे. "इचारून हात लावत जा," एवढंच म्हणायचा. मागे वळून पाहायचा नाही. मान वळत नव्हती.

केदारखेड्याच्या धुळाजी आणि गोपिकाबाईचा हा मुलगा. धुळाजीच्या बापाकडे मेंढ्यांचा मोठा कळप होता. धुळाजीच्या वाट्याला थोडी जमीन आली आणि दुसऱ्यांच्या रानातली कामं. परमेश्वर पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे पूर्णेच्या पुलापर्यंत पळत जायचा, पळत यायचा. त्याच्यासोबत पळायला कल्याण असे. बी. ए. करणारा, दमलेला, मागे राहणारा.

विसाव्या वर्षी उन्हाळ्यात त्याने विहिरीत सूर मारला. लहानपणापासून तो त्याच विहिरीत, त्याच दगडावरून सूर मारत आला होता. त्या सकाळी लाइट लवकर आली होती. शेजारच्या मोटारीने पाणी ओढून घेतलं होतं. वरून ते होतं तसंच हिरवं दिसत होतं. किती उरलंय ते दिसत नव्हतं.

कल्याणने मागोमाग उडी टाकून त्याला वर आणलं. मोडलेली मान हलू द्यायची नसते, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. चौघांनी त्याला बाजेला बांधून दोरांनी वर ओढलं. बाज विहिरीच्या भिंतीला आदळत वर आली. जिवंत निघाला म्हणून गोपिकाबाईने विहिरीपाशी नारळ फोडला.

मग काही वर्षं तो नुसता पडून होता. भेटायला येणारे लोक आधी त्याच्याशी बोलायचे. नंतर त्याच्याबद्दल बोलायला लागले, त्याच्यासमोरच. "याचं कसं व्हईल मायबापाच्या मागं?" तो छताकडे पाहून ऐकायचा.

पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात त्याला नेलं तेव्हा त्याने ती खुर्ची पहिल्यांदा पाहिली. चाकं तिरकी, पत्र्याने झाकलेली. पुढे लोखंडी आकडा. हा व्हीलचेअर रग्बी. चौघांचा संघ, चेंडू मांडीवर घ्यायचा आणि समोरची रेघ ओलांडायची. अडवायचं असेल तर खुर्चीवर खुर्ची घालायची. धडकेचा आवाज हॉलभर घुमायचा. त्या आवाजाने परमेश्वरला हसू फुटलं. इतकी वर्षं त्याला सगळ्यांनी अंड्यासारखं हाताळलं होतं. पहिल्याच दिवशी एकाने त्याला धडक देऊन खुर्चीसकट आडवा केला. त्याने संध्याकाळी कल्याणला फोन केला. "आज मला एकानं पाडलं बे," तो म्हणाला. आवाज सण असल्यासारखा होता.

या खेळात प्रत्येकाच्या शरीराला पॉइंट देतात. खांदे, हात, बोटं जेवढी चालतात तेवढे पॉइंट जास्त. सगळ्यात धडधाकट तो साडेतीनचा. सगळ्यात लुळा तो अर्ध्याचा. मैदानावरच्या चौघांची बेरीज आठच्या वर जाऊ द्यायची नाही. साडेतीनचा आणि तीनचा एकदम खेळवायचा, तर उरलेल्या दीड पॉइंटात दोन माणसं बसवावी लागतात. म्हणून अर्ध्याचा माणूस शोधत हिंडावं लागतं.

परमेश्वर अर्ध्याचा निघाला.

गावात हे कळलं तेव्हा पारावर करमणूक झाली. "अर्धा कायले? पाव तरी द्यायचा व्हता, गरम गरम." परमेश्वरही हसला. त्याला बेरीज कळली होती. जे शरीर घरात अडचण होऊन बसलं होतं, ते इथे हवं होतं.

चेंडू त्याच्याकडे क्वचित यायचा. आपला आकडा समोरच्याच्या खुर्चीत घालायचा आणि धरून ठेवायचं, हे त्याचं काम. "मी खुंटा हाये," तो सांगायचा. "बैल कितीबी मोठा असू द्या."

भारताच्या संघासाठी अर्ध्या पॉइंटचे दोघे शिल्लक राहिले. एक परमेश्वर, दुसरा ओडिशाचा. एप्रिलच्या शिबिरात संघाचे प्रशिक्षक सोळंकी सरांनी परमेश्वरचं नाव वाचलं. ओडिशावाला राखीव. जूनमध्ये थायलंडला आशियातल्या संघांची स्पर्धा होती. सर सगळ्यांना म्हणाले, "जाईपर्यंत ताप आला, जखम झाली, कुठे खरचटलं, तर मला त्याच दिवशी कळलं पाहिजे. लपवाल तर पुन्हा दारात उभं करणार नाही. राखीव तयार आहे."

शेवटचं वाक्य परमेश्वरच्या डोक्यात राहिलं.

मे महिन्यात गावाने सत्कार ठरवला. अण्णासाहेब पुढे झाले. ते माजी सरपंच, आणि पुढच्या वेळचेही व्हायचं त्यांच्या मनात होतं. भोकरदनहून डीजे सांगितला. पाहुणे सांगितले. उघडी जीप आणली. जीप येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या नाकातून गरम वाफ येत होती.

"खुर्चीत बसून मिरवणूक बरी दिसत न्हाई," अण्णासाहेब म्हणाले. "दवाखान्यातून आणल्यासारखं वाटतं. बोनेटवर बसवा. नवरदेवावानी."

"काका, त्याला टेकायला लागतं," कल्याण म्हणाला. "तोल न्हाई राहत त्याचा."

"मंग तू कशाला हायेस? एका बाजूनं तू धर, एका बाजूनं भागवत धरंल. बिलकुल हलू द्यायचं न्हाई."

भागवत हा कल्याणचा चुलतभाऊ. अंगाने आडवा, दिवसभर पोती उचलणारा.

"अण्णा, माही गादी तरी खाली टाका," परमेश्वर म्हणाला. त्याच्या खुर्चीत हवेची गादी होती. काळी, गोटे गोटे असलेली. तिच्याशिवाय तो कुठेच बसत नसे.

"अरे, मखमल टाकली ना. त्या काळ्या रबरावर फोटो काय येईन?"

परमेश्वरला नाही म्हणता आलं असतं. पण गोपिकाबाई नवं लुगडं नेसून समोर उभी होती. धुळाजीने डोक्याला पटका बांधला होता. आणि खरं म्हणजे त्यालाही वर बसायचं होतं. विहिरीनंतर त्याने सगळं गाव लोकांच्या कमरेच्या उंचीवरून पाहिलं होतं. माणसांचे पट्टे, खिसे, हातातल्या पिशव्या. त्याला एकदा घरांची छपरं पाहायची होती.

चौघांनी उचललं. मखमलीवर ठेवलं. कल्याणने उजवा खांदा धरला, भागवतने डावा. रिकामी खुर्ची मागच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. अण्णासाहेबांच्या पोराने तिला हार घातला. गादी तिच्यातच राहिली. फवाऱ्याची बाटलीही.

पाहुणे दहाला यायचे होते. ते बाराला भोकरदन सोडून निघाल्याचा फोन आला. तोवर डीजे थांबवायचा कसा म्हणून मिरवणुकीने गावाला दुसरी चक्कर घातली. जीप पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. इंजिन तापत गेलं. वरून ऊन. परमेश्वरला छपरं दिसत होती, छपरांवरचे टायर, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या मिरच्या. माणसं वर हात करून त्याला दाखवत होती. एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याच्या निर्जीव पायांना हात लावून नमस्कार केला.

त्याला कलायचं होतं. डावीकडे, मग उजवीकडे. सवयीने त्याने दोनदा अंग ओढलं. दोन्ही वेळा कल्याणने आणि भागवतने त्याला अधिक घट्ट धरलं.

"सोड थोडं," तो म्हणाला. डीजेमध्ये ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

त्याचं तोंड लालभडक झालं. गुलाल होता, म्हणून कुणाला कळलं नाही. शेवटी कल्याणने पाण्याची बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पाहुणे दोनला आले. शाल दिली. घाईत होते. "दिव्यांग असूनही," असं त्यांनी भाषणात चारदा म्हटलं.

घरी आणून आईने त्याला कुशीवर केलं. पँट खाली ओढली आणि थांबली.

"माय, काय झालं?"

गोपिकाबाईने पँट आणखी खाली ओढली.

"काऊन गप बसली तू?"

"भाजलं रे तुला."

भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी कातडी सुटली होती. दोन्ही बाजूंनी, हाडांवर. पापुद्र्याखाली पाणी होतं. मधोमध एका जागी पाणी नव्हतं. ती जागा पांढरी होती, मेणासारखी.

"दुखलं न्हाई मला," परमेश्वर म्हणाला.

"मला ठावं हाये," ती म्हणाली, आणि तिने पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या डॉक्टरांनी पांढऱ्या जागेवर बोट दाबून पाहिलं. पालथं झोपायचं, ते म्हणाले. दोन-तीन महिने बसायचं म्हणून नाही. जखम वर एवढीशी दिसते, आत खड्डा पडेल. हाडापर्यंत गेली तर विष रक्तात उतरेल.

"जूनमधी स्पर्धा हाये, सर."

"मग ती विसर."

परतीच्या वाटेवर टमटममध्ये परमेश्वर पालथा होता. तोंड कल्याणच्या मांडीवर.

"सरांना फोन करशील तू?" त्याने विचारलं.

"करायलाच पाहिजे ना."

"मंग ओडिशावाला जाईन."

कल्याणने त्याचं डोकं मांडीवर नीट घेतलं.

"तुला कुठंबी घेतील कल्याण. शाळेत घेतील, पेपरात घेतील, कुठंच न्हाई तं वावरात घेतील. मला साऱ्या दुनियात एका जागी घेतात."

टमटम खड्ड्यातून गेली. परमेश्वरचं कपाळ कल्याणच्या गुडघ्यावर आपटलं. कल्याणने फोन केला नाही.

पुण्याच्या शेवटच्या शिबिरात फिजिओबाईंनी सगळ्यांना ओळीने विचारलं. कुणाला जखम? परमेश्वर म्हणाला, न्हाई. इतक्या सहज म्हणाला की त्यालाच बरं वाटलं. घरी तीन आठवडे पालथं पडून त्याने जखमेचं तोंड थोडं आवळत आणलं होतं. निदान आई तसं म्हणाली होती.

खोलीत त्याच्यासोबत सतबीर होता. हरियाणाचा, आधी पैलवान, आता तीन पॉइंटचा. संघाची सगळी मदार त्याच्यावर. दुसऱ्या सकाळी सतबीरने नाक वर केलं आणि खोलीभर वास घेतला.

"ये क्या सड़ रहा है?"

परमेश्वरने मनगटाने चादर वर ओढली. सतबीरने खुर्ची जवळ आणली, त्याला कुशीवर ढकललं, पट्टी उचलून पाहिली.

"कब से?"

"गए महीने से."

"सर को पता है?"

"न्हाई."

सतबीरने विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर बेरीज चाललेली दिसत होती. "मैं बता दूँ तो तू गया," तो म्हणाला. "तेरी जगह वो आएगा. उसको हुक लगाना आता नहीं. फिर मेरे वाली चौकड़ी टूटेगी और मैं बाहर बैठूँगा." त्याने पट्टी परत दाबली. "रोज़ सुबह मैं बाँध दूँगा. तू मुँह बंद रख. सेंट है तेरे पास?"

सतबीरची बोटं मिटत होती. तो गाठ फार नीट मारायचा. तीन दिवसांनी अत्तराची बाटलीही त्यानेच आणली.

थायलंडला पहिला सामना ते हरले. दुसरा जपानशी होता, म्हणजे तो हरणार हे ठरलेलंच होतं. जपानचा साडेतीनचा खेळाडू पाण्यासारखा निसटायचा. दुसऱ्या डावात सरांनी परमेश्वरला आत घातलं.

मैदान चकचकीत लाकडाचं. परमेश्वर चेंडूकडे पाहत नव्हता. तो चाकं पाहत होता. साडेतीनवाला त्याच्या डावीकडून वळला तेव्हा त्याने मनगटांनी एकच धक्का दिला आणि आकडा बरोबर त्याच्या खुर्चीच्या कठड्याखाली गेला. खट. जपानी खेळाडूने मागे ओढलं. पुढे रेटलं. खुर्ची जागची हलेना. त्याने मान खाली करून पाहिलं. त्याला अडकवणाऱ्याची बोटं वळलेली होती, हात काडीसारखे होते. तेवढ्यात सतबीर चेंडू घेऊन रेघ ओलांडून गेला.

त्या सामन्यात परमेश्वरने त्याला पुन्हा अडकवला. मग आणखी एकदा. जपान चाळीसहून जास्त गोलांनी जिंकलं. सामना संपल्यावर साडेतीनवाला खुर्ची वळवून परमेश्वरपाशी आला, त्याच्या आकड्यावर मूठ आपटून हसला आणि गेला.

त्या संध्याकाळी परमेश्वरचं डोकं ठणकत होतं. मानेवर काटा येऊन जात नव्हता. तोंड तापलं होतं. खेळल्यामुळे असेल, तो म्हणाला. सतबीरने पट्टी उघडली. या वेळी त्याने आत फार वेळ पाहिलं नाही.

सकाळी तिसऱ्या सामन्याआधी खेळाडूंचा रक्तदाब मोजत होते. ते का मोजतात हे या खेळात सगळ्यांना ठाऊक असतं. मणका मोडलेल्या माणसाला खालच्या अंगाचं दुखणं कळत नाही. पण खाली इजा झाली की रक्तदाब आपोआप चढतो, आणि चढला की अंगात जोर आल्यासारखं होतं. काही जण त्यासाठी मुद्दाम लघवीची नळी दाबून ठेवतात. एखादा पायाचं बोट मोडून घेतो. जिवावर बेतू शकतं म्हणून त्यावर बंदी आहे. पकडला गेला तर तो फसवणारा ठरतो.

परमेश्वरचा रक्तदाब पाहून मोजणाऱ्याने त्याला बाजूला घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा मोजला. आणखी चढला होता.

आत एक परदेशी डॉक्टरबाई होत्या. त्यांनी नळी तपासली. मोकळी होती. पायांची बोटं तपासली. शाबूत होती. मग त्या सोळंकी सरांशी इंग्रजीत बोलल्या. सरांचे कान लाल झाले.

"त्या विचारतायत, स्वतःला काय केलंस?"

"कायी न्हाई, सर."

"मग चढलं कशाने? हे बघ, तू नुसता बाहेर जाणार नाहीस. भारताच्या खेळाडूने फसवलं असं लिहून जाईल. काय केलंयस सांग."

परमेश्वरने छताकडे पाहिलं. गप्प राहिला तर तो चोर. बोलला तर त्याची जागा गेली. तिसरं काही असेल म्हणून त्याने थोडा वेळ वाट पाहिली.

"सर," तो म्हणाला, "मला पालथं करा."

पालथं केलं. सरांनी पट्टी सरकवून काढली. बाई जवळ आल्या आणि त्यांनी मास्क वर ओढला. मेणासारखी जागा आता काळी होती. तिच्या कडेने आत वाट गेली होती आणि तिच्या तळाशी काहीतरी पांढरं दिसत होतं.

"केव्हापासून?" सरांनी विचारलं.

"सत्कारापासून."

"कसला सत्कार?"

परमेश्वरने गादीत तोंड खुपसून सांगितलं. सर ते बाईंना इंग्रजीत सांगू लागले. जीप म्हणाले, ऊन म्हणाले, हार म्हणाले. बाई ऐकत होत्या. हार आणि भाजणं यांची सांगड त्यांना लागेना. त्यांनी पुन्हा विचारलं, हे ज्यांनी केलं ते याचे शत्रू होते का?

"नाही," सर म्हणाले. "गाव."

सरांच्या हातात पट्टी होती. तिला मारलेली गाठ ते पाहत होते. परमेश्वरच्या हातांना तशी गाठ सात जन्मांत आली नसती. बाहेर सतबीर सामन्यासाठी हातमोजे चढवत होता. सरांनी त्याला हाक मारली.

"तू इसके कमरे में था ना?"

"मुझे क्या पता सर. मैं तो लेटते ही सो जाता हूँ."

परमेश्वर पालथाच होता. त्याला सतबीरच्या खुर्चीची चाकं तेवढी दिसली. सरांनी गाठीकडे पाहिलं, सतबीरकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. सामना उभा होता. सतबीरशिवाय संघ उभा राहणार नव्हता. त्यांनी पट्टी कचऱ्यात टाकली. "जा, तैयार हो जा," ते म्हणाले.

फसवणुकीचा ठपका बाईंनी ठेवला नाही. भाजल्याची जखम, लपवलेली, असं लिहिलं. परमेश्वर उरलेले सामने त्या खोलीतच पालथा राहिला. भिंतीपलीकडून धडकांचे आवाज येत होते. आवाजावरून कोण कुणाला धडकलं ते ओळखायचा प्रयत्न तो करत राहिला. अर्ध्याचा दुसरा माणूस तिथे नव्हता, ओडिशावाला भारतातच होता, म्हणून बेरीज बसवायला सतबीरला बराच वेळ बाहेर बसावं लागलं. त्या रात्रीपासून तो परमेश्वरशी बोलला नाही.

मुंबई विमानतळावर सर म्हणाले, "नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवड आहे. जखम पूर्ण भरली तर ये. कातडीवर एक टिपका जरी दिसला तरी येऊ नको."

"जापानवाल्याला धरलं व्हतं, सर," परमेश्वर म्हणाला.

"पाहिलं मी," सर म्हणाले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सामान पाहायला गेले.

तो गावात पोचण्याआधी बातमी पोचली होती, आणि वाटेत तिने अंग धरलं होतं. केदारखेड्याच्या पोराला मैदानातून हाकललं. काहीतरी घेऊन खेळत होता. तपासणीत सापडला. फाट्यावर त्याचा मोठा बोर्ड होता, खाली अण्णासाहेबांच्या फोटोसकट. तो काढला होता. लाकडी चौकट तेवढी उभी होती.

गोपिकाबाई अण्णासाहेबांच्या दारात गेली. ते ओसरीवर चारचौघांत बसले होते.

"माझ्या पोरानं काय घेतलं ते सांगा," ती म्हणाली.

"आम्ही कुठं म्हणतो, गोपिकाबाई? लोक बोलून राह्यले. गावाचं नाव गेलं, हे तं खरं ना?"

"तुमच्या बोनेटवर भाजलं त्याला. हाडापर्यंत गेलंय."

अण्णासाहेब खरोखर चकित झाले. त्यांनी सुपारी तोंडातून काढून हातात घेतली.

"आम्ही मायेनं बसवलं व्हतं वो," ते म्हणाले. "चटका बसला तं बोलायचं व्हतं ना त्यानं. तोंड तं चालतं त्याचं बराबर."

ओसरीवर कुणीतरी मान डोलावली. गोपिकाबाई पायऱ्या उतरली. मग घरी आली आणि तिने हे कुणाला सांगितलं नाही. धुळाजीला दुसऱ्यांकडून कळलं.

परमेश्वर पालथा पडला. जून, जुलै, ऑगस्ट. बाजेच्या सुतळीतून त्याला जमीन दिसायची. जखमेचं तोंड हळूहळू मिटत आलं. आत काय चाललंय ते वरून कुणाला दिसत नव्हतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोंड मिटलं म्हणजे भरली असं नाही. हाडाचा फोटो काढू, मग बसायचं ठरवू. फोटोची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

"दिवाळीनंतर निवड हाये," परमेश्वर कल्याणला म्हणाला. "तीन महिने खुर्चीत न्हाई बसलो. दंड पाहिले का माहे? निवडीला जाऊन काय दाखवू, पडून दाखवू?"

"आधी फोटो काढ."

"तोंड मिटलं ना."

"डॉक्टर काय म्हणले?"

"डॉक्टरला खेळायचं न्हाई ना नोव्हेंबरात."

मातीवर खेळाची खुर्ची चालत नाही. भोकरदनच्या बाजारात धान्याचं एक मोठं शेड होतं. खाली कोबा, गुळगुळीत. सोयाबीन यायला लागेपर्यंत ते रिकामं असे. परमेश्वरने तिथल्या बाबूला गाठलं. बाबू म्हणाला, माल येईपर्यंत खेळ, मला काय. सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी कल्याणने त्याला टमटममध्ये घातलं आणि नेलं. गोपिकाबाईने काळी गादी दोनदा दाबून पाहिली, हवा आहे ना म्हणून.

शेडमध्ये तो खुर्चीत बसला आणि त्याने मनगटांनी चाकं चाचपली. मग एक चक्कर मारून आला. मग दुसरी. श्वास लागला. हसत होता.

मैदान आखायचं होतं. सराव करायचा तर रेघांवरच, असं त्याचं म्हणणं. कल्याणने टेप धरून खडूच्या खुणा केल्या. परमेश्वरने पिवळ्या रंगाचा डबा मांडीत घेतला. ब्रश एका काठीला बांधला, काठी मनगटाला.

"मी ओढतो ना," कल्याण म्हणाला.

"तुही रेघ वाकडी येते. बी. ए. झाला तरी."

तो रोज येऊन थोडं थोडं रंगवू लागला. खुर्ची मागे मागे घेत, एका बाजूला वाकून. सराव आधी, रंग नंतर. लांबीच्या दोन्ही रेघा झाल्या. मावळतीकडचं टोक झालं. मधला गोल झाला. हमाल कडेला बसून पाहायचे. "परमेश्वरभाऊ, आम्ही खेळलो तं किती पॉइंटाचे?" एकाने विचारलं. "तुमाला घेत न्हाईत," परमेश्वर म्हणाला. "तुमचं सारंच चालतं."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, उगवतीकडची रेघ ओढता ओढता त्याने काठी थांबवली.

"कल्याण, थंडी वाजून राह्यली."

शेडचा पत्रा तापला होता. कल्याणने त्याच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. परमेश्वरचे दात वाजत होते. "एवढी रेघ होऊ दे," तो म्हणाला. मग काठी त्याच्या मनगटावरून घसरली.

संभाजीनगरच्या दवाखान्यात त्यांनी जखमेचं मिटलेलं तोंड पुन्हा उघडलं. आतून ती मिटलेली नव्हतीच. हाड सडलं होतं. विष रक्तात उतरलं होतं. तो आठवडाभर जगला. शेवटच्या दोन दिवसांत त्याला माणसं कळत नव्हती. गोपिकाबाई त्याला डावीकडे कलवायची, थोड्या वेळाने उजवीकडे. नर्स म्हणाली, मावशी, आता राहू द्या. तिने राहू दिलं नाही.

सोयाबीन आलं. शेड भरलं. मग रिकामं झालं.

रेघा अजून आहेत. उगवतीकडची रेघ भिंतीपासून निघते आणि दुसऱ्या खांबापाशी थांबते. पुढे खडूच्या खुणा होत्या. त्यांच्यावर रंग द्यायचा राहिला.